देवाची वेळ आणि वापसा



रब्बी ज्वारीची पेरणी उरकली. त्याची नोंद नेहमीप्रमाणे देतोच आहे, पण यंदा नोंदीबरोबर थोडं घरचंही लिहितो. शेतात जी गोष्ट तीन आठवडे डोक्यात होती, तीच आमच्या घरात तीन वर्षं आहे. ती म्हणजे वाट बघणं.

आमचं घर ख्रिस्ती. आपल्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. पुढं नेवासा, शेवगाव, राहुरी या पट्ट्यात गावोगाव ख्रिस्ती घरं झाली, आणि त्यातली पुष्कळ घरं आमच्यासारखी शेतीवरच जगतात. आमच्या मंडळीत एक वाक्य सारखं कानावर येतं, "देवाच्या वेळेला होईल." पाऊस लांबला, देवाच्या वेळेला येईल. पोराची नोकरी होत नाही, देवाच्या वेळेला होईल. हे फक्त आमचंच आहे असंही नाही. शेजारचे वारकरी आजोबा "वेळ यावी लागते" म्हणतात, त्याचा अर्थ फार लांबचा नाही.

बोलायला हे वाक्य सोपं आहे. त्याच्यावर विश्वास ठेवून जगायचं म्हणजे काय करायचं, हे मला शेतातच जास्त कळत गेलं. म्हणून आधी शेतातलं सांगतो.

आमची तीन एकराची पट्टी भारी काळ्या जमिनीची आहे. वरची दोन एकर जरा उंचावर, खालची एक एकर नाल्याच्या अंगाला. जुलैमध्ये कुळवाच्या पाळ्या देऊन उताराला आडवे छोटे छोटे बांध घातले आणि रानाचे चौकोनी कप्पे पाडले. पडलेला पाऊस जागच्या जागी मुरावा, हा हेतू. रब्बी ज्वारी ही साठवलेल्या ओलीवर येते. पेरणीनंतर पाऊस पडेलच याचा भरवसा नाही, त्यामुळं जे काही मुरवायचं ते आधीच मुरवावं लागतं. जुलैमध्ये बांध घालताना आभाळ कोरडं होतं आणि येणारा-जाणारा विचारत होता, पाऊस कुठंय आणि तुम्ही अडवताय काय?

सप्टेंबरच्या शेवटाला तो आला आणि असा आला की थांबेना. कप्पे भरले, काही फुटले, ते परत बांधले. मग आठवडाभर उघडीप नाही. १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर ही राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची रब्बी ज्वारीच्या पेरणीची शिफारस आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. त्या मुदतीला कारणं आहेत. फार लवकर पेरलं तर खोडमाशी गाठते आणि पोंगेमर होते. फार उशिरा पेरलं तर दाणे भरायच्या वेळेला जमिनीत ओल राहत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण आहे आणि मधनं आपल्याला जायचंय. यंदा ऑक्टोबरचा पहिला आठवडा गेला तरी आमच्या रानात पाय घोट्यापर्यंत जात होता.

अशा वेळेला जीव वरखाली होतो. तारीख पुढं पळते आणि रान तिथंच असतं. ट्रॅक्टर घालून उरकून टाकावं असं वाटतं. पण काळ्या रानात ओल्यात यंत्र घातलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. फण चिखलानं भरतात, बी कुठं खोल तर कुठं उघडं पडतं, चाकाखालची माती दाबून विटेसारखी होते. पुढं ऊन पडलं की वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वाकडा होतो. तारीख साधली जाते आणि पीक हातचं जातं.

म्हणून आपले जुने लोक तारखेपेक्षा वापसा बघायचे. नव्या पोरांसाठी लिहितो. मूठभर माती चार बोटं खालून घ्यायची, दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. गोळा तसाच पडून राहिला तर अजून ओल जास्त आहे. पडल्यावर मोकळा होऊन विखुरला तर वापसा आहे. गोळाच होत नसेल तर ओल गेली. वापसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी पण आहे आणि हवा पण आहे, अशी अवस्था. बियाला दोन्ही लागतात. पाण्यानं फुगतं आणि हवेवर श्वास घेतं.

वापशाची गंमत अशी आहे की तो आपल्याला आणता येत नाही. कितीही घाई केली, कितीही पैसा टाकला, तरी भारी रान त्याच्या चालीनं सुकतं. पण तो आला की थांबतही नाही. चार-पाच दिवस, फार तर आठवडा. त्या दिवसांत बियाणं घरात नसेल, पाभर मोडलेली असेल, माणूस पाहुण्याकडं गेलेला असेल, तर तो येऊन निघून जातो.

आमच्या वरच्या दोन एकराला १० ऑक्टोबरला वापसा आला. बियाणं आधीच आणून ठेवलं होतं. भारी जमीन म्हणून फुले वसुधा, एकरी ४ किलोप्रमाणं ८ किलो. काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळलेलं होतं. दोन ओळींत १८ इंच. सकाळी सहाला सुरू केलं, दुपारी उरकलं. पाभर धरण्याआधी माझे वडील टोपी काढून उभे राहायचे आणि दोन वाक्यांची प्रार्थना करायचे. ती रीत मी ठेवली आहे. ते प्रार्थना करायचे, आणि त्याच्या आदल्या रात्री पाभरीचे दाते तपासून ठेवायचे. एकामुळं दुसरं सुटलेलं मी कधी बघितलं नाही.

इथं माझ्या मनातलं मुख्य सांगतो. आपण देवाची वेळ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर कॅलेंडर आणतो. जणू वर कुठंतरी तारीख लिहून ठेवलेली आहे आणि आपल्याला फक्त ती येईपर्यंत बसायचंय. मला वाटतं देवाची वेळ वापशासारखी असते. ती आपल्या हातानं आणता येत नाही, म्हणून नम्र राहायचं. ती ओळखावी लागते, म्हणून रोज रानात जाऊन मूठभर माती हातात घ्यायची. आणि ती आली की उठावं लागतं, म्हणून पाभर तयार ठेवायची. या तिन्हीतलं एक जरी सुटलं तरी त्याला मी विश्वास म्हणणार नाही. पहिलं सुटलं की तो उतावळेपणा होतो, दुसरं सुटलं की आंधळेपणा, आणि तिसरं सुटलं की निव्वळ आळस.

येशूनं एक शेतकऱ्याची गोष्ट सांगितली आहे, मार्काच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं वाढतं ते त्याला कळतही नाही. माती आपलं काम आपण करते. या गोष्टीवर बरेच जण म्हणतात, बघा, शांत झोपा, देव करतो. बरोबर आहे. पण त्याच गोष्टीच्या शेवटी पीक तयार झाल्यावर तोच माणूस जराही न थांबता विळा लावतो. आम्हा शेतकऱ्यांना हा शेवट लगेच कळतो. ज्वारी वाढताना रात्री जागून काही उपयोग नाही. पण कापणीला आलेली ज्वारी रानात ठेवून जो झोपला, त्याची कणसं पाखरं आणि अवकाळी पाऊस खातात. झोपायचं कधी आणि उठायचं कधी, हे ज्याला कळतं त्याला मी विश्वासू म्हणेन.

याकोबाच्या पत्रातही शेतकऱ्याचंच उदाहरण आहे. तो आधीच्या आणि नंतरच्या पावसाची वाट बघतो, तसा धीर धरा, असा त्याचा अर्थ. लहानपणी मला वाटायचं, आधीचा पाऊस म्हणजे मृगाचा. नंतर कळलं, त्या देशात पावसाळा हिवाळ्यात असतो आणि उन्हाळा कोरडा. पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमाराला येऊन कडक जमीन नांगरटीला मऊ करतो, त्यावर गहू आणि जव पेरतात. शेवटचा पाऊस मार्च-एप्रिलकडं येतो आणि दाणा भरतो. म्हणजे तोही एका अर्थी रब्बीचाच शेतकरी. पहिल्या पावसानंतर त्यानं जमीन नांगरली नसती, तर शेवटच्या पावसाचा त्याला काय उपयोग? त्याची वाट बघणं हे पेरून झाल्यावरचं वाट बघणं आहे.

आता घरातलं.

आमचा थोरला ३३ वर्षांचा आहे. बारावी झालेला, व्यसन नाही, शेती माझ्यापेक्षा बारकाईनं करतो. माती परीक्षणाचा कागद मी वाचतो त्याच्या आधी त्यानं खताचा हिशेब मांडलेला असतो. तीन वर्षं स्थळं बघतोय. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात शेती करणारा मुलगा आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. फोन येतो, पहिला प्रश्न "मुलगा काय करतो?" शेती म्हटलं की पलीकडचा आवाज बदलतो. आमच्या समाजात आणखी एक गोष्ट आहे. आमच्या मुली शिकल्या, पुष्कळ जणी नर्सिंगला गेल्या, शिक्षिका झाल्या, शहरात राहिल्या. माझी स्वतःची मुलगी पुण्याला नर्स आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. मी तिला शेतकऱ्याच्या घरात दिली नाही, मग दुसऱ्या बापाला कोणत्या तोंडानं दोष देऊ? कुणाची चूक आहे असं म्हणत नाही. पण रात्री जेवताना ताटासमोर मान खाली घालून बसलेला मुलगा दिसतो, तेव्हा बापाला घास जड जातो.

मंडळीत सगळे प्रेमानंच म्हणतात, "देवाच्या वेळेला होईल." एकदा उपासनेवरून परत येताना गाडीवर मागं बसलेला थोरला म्हणाला, "पप्पा, देवाच्या घड्याळातला सेल गेला असंल." मी हसलो. तो हसला नाही.

मागच्या वर्षी एक मध्यस्थ घरी आला. म्हणाला, "बायोडाटावर कंपनीत सुपरवायझर लिहा. दोन महिने तशी ओळख दाखवू. लग्न झाल्यावर कोण विचारतं? सगळेच करत्यात." मी काही बोलायच्या आत थोरल्याची आई आतून बाहेर आली. म्हणाली, "आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोठ्यात शेण काढायला गेला की त्या पोरीला मी काय सांगू?" मध्यस्थ चहा पिऊन गेला.

मला त्या वेळेला ओल्या रानातला ट्रॅक्टर आठवला. तारीख साधली असती, लग्न उरकलं असतं, आणि वरचा पापुद्रा आयुष्यभर फुटला नसता. देवाच्या वेळेवर विश्वास याचा आमच्या घरातला अर्थ त्या दिवशी एवढाच होता, की खोटं लिहायचं नाही. फार मोठी गोष्ट वाटत नाही, पण तीन वर्षं वाट बघितलेल्या आईनं ते म्हणणं सोपं नव्हतं.

नुसतं नाही म्हणून बसलोही नाही. मागची खोली पक्की केली. नळ घरात आणला. खालच्या एका एकराचे सगळे निर्णय थोरल्यावर सोपवले, पीक त्याचं, हिशेब त्याचा, नफा-तोटा त्याचा. येणाऱ्या मुलीला सासऱ्याच्या हाताखालचा नवरा नको, स्वतःच्या पायावर उभा असलेला नवरा हवा, एवढं तरी आपल्या हातात आहे. हे आमचे जुलैतले बांध.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तयारी ठेवली की वापसा येतोच. तसं नाही. हे लिहिलं नाही तर ही नोंद खोटी ठरेल.

२०१२ साली वापसा आलाच नाही. आला नाही म्हणजे ओलच झाली नाही. बांध तयार, बियाणं तयार, प्रार्थना चालू. आमच्या भागात त्या वर्षी पेरलेल्या ज्वारीचे कित्येक ठिकाणी कोंबच वर आले नाहीत. गायी-बैल छावणीत नेऊन बांधले आणि महिनोन्महिने आम्ही तिथंच राहिलो. आमचे त्या वेळचे पाळक रविवारी संध्याकाळी छावणीत यायचे. ताडपत्रीखाली चार-पाच घरं जमायची. ते देवाच्या योजनेवर कधी बोलले नाहीत. हबक्कूक संदेष्ट्याचा शेवटचा अध्याय वाचायचे. झाडाला फळ नाही, रानात धान्य नाही, गोठ्यात जनावर नाही, तरीही मी देवाला धरून राहीन, असा त्याचा आशय. वाचून झालं की पेंढ्या उचलायला हात लावायचे.

त्या काळात ओळखीतल्या एका घरच्या कर्त्या माणसानं जीव दिला. अंत्यविधीच्या वेळी कुणीतरी त्याच्या बायकोला म्हणालं, "त्याची देवाघरची वेळ झाली होती." ती काही बोलली नाही. पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली.

मी तेव्हा ठरवलं की हे वाक्य दुसऱ्याच्या दुःखावर कधी ठेवायचं नाही. कर्जाच्या हप्त्याची वेळ असते, सावकाराच्या तगाद्याची वेळ असते, पाऊस न पडण्याचीही कारणं असतात. ते सगळं देवाच्या नावावर टाकून मोकळं होऊ नये. लाजर मेला तेव्हा येशू चार दिवस उशिरा पोचला. मार्था आणि मरीया दोघी बहिणींनी त्याला तोंडावर सांगितलं, तू इथं असतास तर भाऊ गेला नसता. त्यानं त्यांना गप्प केलं नाही, वेळेचं गणितही समजावलं नाही. कबरेकडं जाताना तो रडला. पुढं लाजर उठला हे आम्ही मानतो, पण ते रडणं त्याच्या आधीचं आहे. "देवाची वेळ" हे वाक्य माणसानं स्वतःच्या उंबऱ्याच्या आत स्वतःला सांगावं. दुसऱ्याच्या दारात गेलो तर पेंढी उचलावी.

आता यंदाच्या खालच्या एकराचं राहिलं.

वरची पेरणी झाली तरी खाली ओल हटेना. १५ ऑक्टोबर आली आणि गेली. माझ्या मनात होतं, ज्वारीच पेरायची. कडबा लागतो, आणि ते रान वडिलांपासून ज्वारीचंच. थोरला रोज सकाळी मूठभर माती घेऊन बघायचा आणि टाकून द्यायचा. १९ तारखेला म्हणाला, "पप्पा, आता वापसा येईल, पण तो ज्वारीचा नाही. हरभऱ्याचा आहे." बरोबर होतं. तिथली ओल एवढी खोल होती की हरभऱ्याला पुरेल, आणि एखादं पाणी आपल्या विहिरीतनं देता येईल. २३ ऑक्टोबरला त्यानं दिग्विजय पेरला, एकरी ४० किलो. बियाण्याला आधी ट्रायकोडर्मा किलोला ५ ग्रॅम, मग पेरणीच्या तोंडावर रायझोबियम १० किलोला २५० ग्रॅमचं एक पाकीट, सावलीत वाळवून. त्या एकरात मर पूर्वी दिसलेली आहे, म्हणून मर सहन करणारा वाण आणि ट्रायकोडर्मा दोन्ही. आज सहावा दिवस, कोंब दिसायला लागलेत.

आपण एका पिकाची वाट बघत असतो आणि रान दुसऱ्याच पिकासाठी तयार होत असतं. ही गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर माझ्या मुलानं दाखवली.

गेल्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरकडच्या एका मंडळीतून निरोप आला. मुलगी ३० वर्षांची, नवरा अपघातात गेला, पाच वर्षांची लेक आहे, अंगणवाडीत मदतनीस आहे. थोरल्याच्या आईनं तीन वर्षं प्रार्थनेत जे चित्र धरलं होतं ते असं नव्हतं. माझंही नव्हतं. आमच्या दोघांच्या आधी थोरलाच म्हणाला, "मी बोलतो." तो फोनवर बोलला. तिनं त्याला पगार विचारला नाही, जमीन किती ते विचारलं नाही. विचारलं, "विहिरीला पाणी मार्चपर्यंत टिकतं का?" थोरला म्हणाला, "तीन वर्षांत हा प्रश्न कुणीच विचारला नव्हता."

त्याची आई दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना मला म्हणाली, "शाळा आपल्याकडनं किती लांब पडल हो? पाच वर्षांच्या पोरीला चालवल का?" मी म्हणालो, सायकलवर सोडीन.

इथं शेतीची तुलना थांबवतो. माणूस म्हणजे पीक नव्हे, आणि ती मुलगी म्हणजे आमच्या प्रार्थनेचं उत्तर व्हायला बांधील नाही. तिचं स्वतःचं दुःख आहे, तिची स्वतःची वाट बघणं आहे. ते दोघं पुढच्या आठवड्यात भेटणार आहेत. जमेल किंवा जमणार नाही. जमलं नाही तर देवाची वेळ चुकली असं आम्ही म्हणणार नाही, आणि जमलं तर बघा आम्ही कसा विश्वास ठेवला, असंही म्हणणार नाही. आम्ही एवढंच केलं, खोटं पेरलं नाही आणि पाभर मोडू दिली नाही.

आता पुढची कामं. ज्वारीची पहिली कोळपणी पेरणीपासून तीन आठवड्यांनी, दुसरी पाच आठवड्यांनी, तिसरी आठ आठवड्यांनी. तिसरी कुणी चुकवू नका. तोवर काळ्या रानाला भेगा पडायला लागतात आणि त्यातनं ओल उडून जाते. दातेरी कोळप्यानं त्या भेगा बुजवल्या की तीच ओल दाण्याला मिळते. ज्यांच्याकडं एकच पाणी आहे त्यांनी ते पोटरीच्या वेळेला, ५० ते ५५ दिवसांच्या दरम्यान द्यावं. आमची १० ऑक्टोबरची पेरणी त्या हिशेबानं नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला पोटरीत येईल. नाताळाच्या आधीचे चार रविवार आम्ही आगमनकाळ पाळतो, म्हणजे येणाऱ्याची वाट बघण्याचे दिवस. त्याच सुमाराला रानात कणीस पोग्याच्या आत असतं. बाहेरून दिसत नाही, पण पोगा हाताला टणक लागतो. तो सोलून बघायचा मोह होतो. सोलला तर कणीस मरतं. त्या दिवसांत पाणी द्यायचं, आणि हात मागं घ्यायचा.

तुमच्याकडं कुणाच्या रानात अजून वापसा नसेल तर घाई करू नका. पण बियाणं आणून ठेवा, बीजप्रक्रियेचं सामान आणून ठेवा, आणि रोज सकाळी मूठभर माती हातात घ्या. ज्वारीची मुदत टळली असेल तर हरभऱ्याचा विचार करा, बागायतीला अजून वेळ आहे.

पुढची नोंद पहिल्या कोळपणीची.